प्रबंध, परीक्षा आणि वग

परीक्षा द्यायची की नाही, हे विद्यार्थ्यालाच विचारणारं विद्यापीठ जगात असू शकतं, यावर आमच्या सोसायटीत अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. आपल्याकडे परीक्षा पुढे ढकलतात, पेपर फुटतो, निकाल राखून ठेवतात, फेरतपासणीत सात मार्क वाढतात. पण 'देताय का, की राहू दे?' असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. माझ्या भाचीला तिच्या अमेरिकेतल्या विद्यापीठाने चक्क ईमेल करून विचारलं. वाचा आणि भाषा उपचाराच्या मास्टर्सचं पहिलं वर्ष संपत आलंय, तेव्हा दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहिणार की सर्वंकष परीक्षा देणार, ते महिनाअखेरपर्यंत कळवा. तिकडच्या पोरांच्या बोलीत, थिसिस की कॉम्प्स.

हा प्रश्न तिने फॅमिली ग्रुपवर टाकला. पोरगी हुशार आहे, पण परदेशात राहिलं की घरच्या सल्ल्याची आठवण येते आणि तो कसा असतो याचा विसर पडतो.

तर आम्ही माणचे. बाहेरगावच्या माणसाला माण म्हटलं की साताऱ्याकडचा माण तालुका आठवतो आणि तो 'पाण्याचं काय हो तिकडे?' म्हणून हळहळतो. आमचं माण मुळशीतलं, हिंजवडीला लागून. राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या शिवारात आहे, शिवाजीनगरला जाणाऱ्या २३ स्थानकांच्या मेट्रोचा डेपो आमच्या गावात आहे, आणि पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात ते रस्त्यावर भरपूर असतं, घरात टँकरने येतं. सोसायटीत बहुसंख्य लॅपटॉपवाले. भाऊजी, म्हणजे भाचीचे बाबा, त्यांच्यातले. मी मात्र रोज सकाळी कंपनीच्या बसने उलट्या दिशेला, तळेगावमार्गे चाकणला जातो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही प्रश्नावर दोन मतं असतात, एक हिंजवडीचं आणि एक चाकणचं. तिसरं मत माझ्या आईचं. ते शेवटचं असतं.

मुळात भाची शिकते काय, हेच ग्रुपवर कोणाला धड ठाऊक नव्हतं. पुण्यात याच विषयाची चार वर्षांची पदवी, बीएएसएलपी, केली, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, इतपत सगळ्यांना माहीत. एका काकांच्या मते ती 'तोतऱ्यांची डॉक्टर', एका मावशीच्या मते 'कानाचं मशीन बसवते ती'. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा 'स्पीच' एवढाच शब्द पकडून एका वरपित्याने सांगितलं, "अरे वा, आमचाही मुलगा कॉलेजात असताना वक्तृत्वात पहिला यायचा." ते स्थळ तिथेच थांबलं.

दोष त्यांना तरी काय द्यायचा? मूल वेळेवर बोललं नाही तर काय करायचं हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. वेखंड उगाळून मधातून चाटवायचं. जीभ जड आहे असं म्हणायचं. आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर "याचा बापही पाचव्या वर्षी बोलला, आता थांबतोय का बघा" असं म्हणून बापाकडे बोट दाखवायचं. या तीन पायऱ्यांच्या उपचारपद्धतीत सहा वर्षं शिकलेल्या बाईला कुठे बसवायचं?

तिच्या विषयात गिळण्याचंही शास्त्र येतं, हे तर मलाही नवीन होतं. पक्षाघातानंतर कितीतरी जणांना साधं पाणी पितानाही ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो. अशा माणसाला काय आणि किती दाट द्यायचं, हे ठरवणं वाचा-उपचारकाच्या कामात मोडतं. त्यासाठी शून्य ते सात अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. सुट्टीवर आली होती तेव्हा भाचीने ती आमच्या ओट्यावर करून दाखवली. दहा मिलीची बिनसुईची सिरिंज घ्यायची, खालचं तोंड बोटाने दाबून धरायचं, दहाच्या खुणेपर्यंत पदार्थ भरायचा, बोट काढायचं आणि बरोबर दहा सेकंदांनी पुन्हा दाबायचं. आत किती उरलं त्यावर पातळी ठरते. आईने केलेली भाताची पेज गाळून भरली. सहा मिली उरली. "लेव्हल टू," भाची म्हणाली.

मी खुर्चीतून उठलोच. आमच्या पेंट शॉपमध्ये बी-फोर कप असतो. त्यात रंग भरायचा, खालच्या भोकावरचं बोट काढायचं आणि रंग किती सेकंदांत गळतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. जास्त दाट असेल तर थिनर. भाचीचं शास्त्र आणि माझं शास्त्र एकाच भोकातून गळत होतं! तेव्हापासून तिच्या विषयाबद्दल मला जो आदर वाटतो तो आजवर कायम आहे. आई एवढंच म्हणाली, "अगं, मीठ घालायचं होतं अजून."

असो. मूळ मुद्दा प्रबंधाचा.

भाऊजींनी आधी इथला दर विचारला, म्हणजे आपल्याकडे काय पद्धत आहे ते. आपल्याकडे निवडायचंच नसतं. १९९२च्या कायद्याने आलेली भारतीय पुनर्वास परिषद, बोलीभाषेत आरसीआय, अभ्यासक्रम ठरवते, त्यात एम.एस्सी.ला प्रबंधही सक्तीचा आणि परीक्षाही सक्तीची. म्हैसूरची वाचा-श्रवणाची संस्था १९६५ची, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ची. इतक्या वर्षांत 'बाळ, तुला यातलं काय आवडेल?' असं विद्यार्थ्याला विचारण्याची दुर्बुद्धी कोणाला झालेली नाही.

"म्हणजे इथे दोन्ही मिळतं," भाऊजी म्हणाले, "आणि तिकडे डॉलर मोजून दोन्हीतलं एकच."

शैक्षणिक कर्जाचा हप्ता भाऊजींच्या खात्यातून जातो, त्यामुळे या वाक्यावर ताईलाही काही बोलता आलं नाही.

मग हिंजवडी आणि चाकण कामाला लागले. हिंजवडीचं म्हणणं असं: थिसिस म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रोजेक्ट. सुरुवातीला भलंमोठं डॉक्युमेंट, मध्ये वर्षभर अंधार, आणि बाहेर काय पडणार ते शेवटच्या दिवशी कळणार. परीक्षा म्हणजे स्प्रिंट. तारीख ठरलेली, स्कोप ठरलेला, झालं की रिलीज. "आणि रिलीजनंतर सपोर्ट द्यावा लागत नाही," भाऊजी म्हणाले. हे त्यांनी फार आतून म्हटलं; गेले कित्येक शनिवार ते कुठल्यातरी डच बँकेला सपोर्ट देतायत.

चाकण आकड्यांशिवाय बोलत नाही. नवा भाग उत्पादनात घेण्याआधी आम्ही एफएमईए करतो. काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची. मग प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे. किती गंभीर, किती वेळा होण्याजोगा, आणि वेळेत सापडायला किती अवघड. प्रत्येकी एक ते दहा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. मी ए-थ्री कागद पसरला. परीक्षेच्या दिवशी ताप येणे: आठ गुणिले दोन गुणिले तीन, ४८. चालण्यासारखं आहे. प्रबंधाचे मार्गदर्शक ऐन वेळी वर्षाच्या रजेवर जाणे: नऊ, चार, आठ, म्हणजे २८८. चाचणीसाठी कबूल केलेली मुलं आयत्या वेळी न येणे: सात, सात, सात. ३४३! आमच्याकडे शंभराच्या वर गेलं की लाइन थांबवतात. "हे आकडे आणले कुठून?" भाऊजींनी विचारलं. एफएमईएत हा प्रश्न विचारायचा नसतो. आमचे ऑडिटरसुद्धा विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी विषय कंपनीच्या बसमध्ये काढला. मेंटेनन्सच्या एका जुन्या माणसाचं मत फार स्वच्छ होतं. "थिसिस वाचतं कोण, साहेब? माझ्या मेव्हण्याने पीएचडी केली. त्याच्या बायकोने सबंध टाइप करून दिली, तिनेही वाचलेली नाही." मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, परीक्षाच बरी, नापास झालं तरी पुढची तारीख मिळते, थिसिसवाल्याला बिचाऱ्याला नापाससुद्धा होता येत नाही, नुसता लोंबकळत राहतो. एक ट्रेनी आहे, एमपीएससीची तयारी करता करता आमच्याकडे लागलाय. तो "परीक्षेला पर्याय असतो?" एवढंच म्हणाला आणि इंदुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

रविवारी व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा आईने सूत्रं हातात घेतली.

"प्रबंध लिहिला की परीक्षा सुटली ना?"

"नाही आजी. प्रॅक्सिस सगळ्यांनाच द्यावी लागते, राष्ट्रीय पातळीवरची." मग तिने सगळं एका दमात सांगितलं. १३२ प्रश्न, अडीच तास, गुणांची पट्टी १०० ते २०० आणि त्यात १६२ हवेत. शिक्षण चालू असतानाच ४०० तासांचं प्रात्यक्षिक, त्यातले ३७५ प्रत्यक्ष रुग्णाबरोबर. पदवीनंतर पूर्णवेळ ३६ आठवडे देखरेखीखाली नोकरी. तेव्हा कुठे नावापुढे लावायची तीन अक्षरं मिळतात.

"म्हणजे परीक्षा आहेच. प्रबंध वरकड."

"हो."

"न लिहिणारीला नोकरी तीच?"

"तीच."

"पगार?"

"तोच."

आई गप्प झाली. भाऊजींनी माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. बिझनेस केसच नाही! पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंधाचा उपयोग, एरवी कोणी विचारतसुद्धा नाही, हे भाचीनेच कबूल केलं. हिंजवडी, चाकण आणि आई एका मतावर येण्याचा प्रसंग आमच्या घरात यापूर्वी फक्त इन्व्हर्टर घेताना आला होता.

आणि मग भाचीने सांगितलं की तिच्या गाइडबाईंनी पहिल्याच भेटीत तिला एका प्रबंधाची गोष्ट ऐकवली. घाबरवायलाच बहुधा. १९३९ सालचा आयोवा विद्यापीठातला, मास्टर्सचाच प्रबंध. लिहिणारी मेरी ट्यूडर, मार्गदर्शक वेंडेल जॉन्सन. तोतरेपणावरचं त्या काळातलं मोठं नाव, आणि स्वतः तोतरे. त्यांना वाटायचं की साधं अडखळणं सगळीच मुलं करतात. आईबाप त्याला तोतरेपणा म्हणायला लागतात आणि तिथून खरा तोतरेपणा सुरू होतो. हे तपासायला ट्यूडरने डॅव्हेनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यांतल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना पद्धतशीर सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरं बोलता, सांभाळा, नीट येत असेल तरच तोंड उघडा. ती मुलं गप्प गप्प होत गेली. बोलताना शब्दागणिक थबकू लागली. प्रबंध छापला कुठेच नाही; ग्रंथालयात मात्र पडून होता. २००१ साली एका वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढलं, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ साली राज्याने सहा जणांना मिळून सव्वानऊ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. तोवर त्या अनाथाश्रमातली मुलं म्हातारी झाली होती.

माझ्या ए-थ्री कागदावर या ओळीला रकाना नव्हता.

"पण हे तर आपल्याकडे रोज चालतं," ताई म्हणाली. खरं होतं. कुठल्याही लग्नात जा. चार वर्षांचं पोर काहीतरी सांगायला येतं, शब्द जरा अडकतो, आणि चार मामा-काका एकदम "अरे हळू बोल, नीट बोल, परत बोल, आधी श्वास घे" म्हणून त्याच्यावर वाकतात. ना समितीची परवानगी, ना मार्गदर्शक. आणि वर आहेराचं पाकीटही देतात.

दुसरी गोष्ट मात्र भाचीने डोळे चमकवत सांगितली, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आमचा ईमेल आम्हाला न विचारताच गेलेला आहे. जीन बर्को नावाची विद्यार्थिनी, १९५८ साल, तीही प्रबंधच लिहीत होती, पीएचडीचा. प्रश्न असा, की लहान मूल भाषा ऐकून ऐकून पाठ करतं, की आतल्या आत नियम शिकतं? तिने स्वतः चित्रं काढली. एक गोलमटोल पक्ष्यासारखा प्राणी, जगात नसलेला. नावही जगात नसलेलं, वग. मुलाला म्हणायचं, हा एक वग, आता आणखी एक आला, आता दोन... आणि थांबायचं. मूल 'वग्ज' म्हणालं, तर तो शब्द त्याने कुठेही ऐकलेला असणं शक्य नाही, म्हणजे अनेकवचनाचा नियम त्याच्याकडे आहे. मुलं 'वग्ज' म्हणाली. गेली पासष्ट-सत्तर वर्षं भाषाशास्त्राच्या वर्गात हा पक्षी उडतोय.

भाचीला हा प्रयोग मराठी बोलणाऱ्या मुलांवर करून बघायचा होता. काही मुलं तिकडची, मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळेत येणारी. काही आमच्या सोसायटीच्या वाळूतली.

या वाळूविषयी सांगायला हवं. क्लबहाउसच्या मागे घसरगुंडीखाली वाळू टाकलीय. संध्याकाळी तिथे जी भाषा ऐकू येते तिला नाव नाही. घरी तेलुगू, ओडिया, भोजपुरी, कन्नड. सांभाळणाऱ्या मावशी बोडकेवाडीच्या, म्हणून त्यांच्याशी मुळशीची मराठी. आपसात भांडण हिंदीत. हरायची वेळ आली की शाळेतलं इंग्रजी. पाच वर्षांची एक मुलगी परवा मावशींना सांगत होती, "मी नाय येणार, मेरा टर्न बाकी हाय, प्लीज ना." तीन भाषांच्या सीमा ओलांडल्या, पण व्याकरण कुठेही सांडलं नाही.

सुट्टीत भाची तिथे तासन्‌तास बसायची. सातव्या मजल्यावरचा एक साडेचार वर्षांचा मुलगा फार बोलत नाही, म्हणून त्याच्या शाळेने आईबापांना सांगितलं होतं, घरात तेलुगू बंद करा, फक्त इंग्रजी बोला. ते दोघं बिचारे मुलाशी इंग्रजीत, एकमेकांशी तेलुगूत आणि आजीशी खुणांनी बोलायला लागले. भाची चिडली होती ती याच्यावर. घरात दोन-तीन भाषा असल्याने मूल मागे पडत नाही, हे तिच्या क्षेत्रात कधीच सिद्ध झालंय. घरची भाषा काढून घेतली तर मुलाची बोलायची माणसं तेवढी कमी होतात. पण त्याला खरंच अडचण आहे की नाही हे तपासायचं कशाने? हाताशी असलेल्या चाचण्या अमेरिकन मुलांवर बेतलेल्या. त्यांत अंगणातला बर्फ ओढायचं फावडं असतं, बोटं नसलेला लोकरी हातमोजा असतो. वाळूतल्या एका मुलीने त्या हातमोज्याला "आईचा ओव्हनचा" म्हटलं. चाचणीप्रमाणे शून्य गुण. आपल्या भाषांमधल्या ज्या काही चाचण्या आहेत, त्यांतल्या कितीतरी कोणा ना कोणा विद्यार्थ्याच्या सक्तीच्या प्रबंधातूनच निघालेल्या आहेत, असं भाची म्हणाली. भाऊजींनी यावर काही म्हटलं नाही. इथे दोन्ही मिळतं, हे त्यांनीच म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी तिने कॅमेऱ्यासमोर स्वतः काढलेला पक्षी धरला. रंगीत तालीम म्हणून आम्ही मोठी माणसं. त्या दिवशी तात्याही आले होते. आमची सोसायटी ज्या भातखाचरावर उभी आहे ते तात्यांचं. आता त्याच जागी त्यांचे दोन फ्लॅट आहेत, पण दिवसभर बसतात गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीत.

"आजी, हे बघ. हा एक वग."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आन् गण-गौळण कुठं गेली? येकदम वग?"

भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला. जो शब्द जगात नाही म्हणून १९५८ साली मुद्दाम घडवला, तो आमच्या तमाशात कधीपासून रात्र रात्र रंगतोय. तात्यांनी तर दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' पुढे मांडी घालून पाहिलंय. इंदुरी म्हणजे आमच्या बसच्या वाटेवरचंच गाव. तिथून निघालेला सोंगाड्या दिल्लीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार घेऊन आला होता. तात्यांनी वगातला सावळ्या कुंभार थोडा करूनही दाखवला. अमेरिकेत रात्रीचा एक वाजला होता.

"बरं, दुसरा शब्द घेऊ. झील."

"झीलकरी म्हंजे मागं उभं ऱ्हाऊन सूर धरनारा," तात्या म्हणाले. "त्यो बी तमाशातलाच."

"खोप?"

"गुरं राखनाऱ्याची खोप. आमची हुती की, ह्या तुमच्या पार्किंगात."

चौथा शब्द ऐकून तात्यांना ठसका लागला आणि तो आईसमोर पुन्हा उच्चारायचा नाही असं ठरलं. बिनअर्थाचा शब्द मराठीत शोधणं हे किती जिकिरीचं काम आहे, याची प्रॅक्सिसवाल्यांना कल्पना नसावी. शेवटी चार वर्षांच्या मुलाने तमाशा कुठे बघितलाय, असा तोडगा काढून वगच कायम ठेवला.

"हा एक वग. आता अजून एक आला. आता दोन...?"

"वग," आई म्हणाली. "दोन वग."

"वगा," ताई म्हणाली.

"वगं," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. त्या विरजण मागायला आल्या होत्या.

"वग्ज," भाऊजी.

भाऊजी सोडले तर सगळे बरोबर! तो वग असेल तर एक दगड दोन दगड, तसे दोन वग. ती वग असेल तर विटेच्या विटा, तशा वगा. आणि भिंतीच्या भिंती म्हणणारा वगी म्हणाला तरी त्याला अडवता येणार नाही. ते वग असेल तर घराची घरं, तशी वगं. भाचीने 'हा एक वग' असं सांगितलं होतं, हे कोणाच्या कानातच शिरलं नव्हतं. ज्याने त्याने चित्र बघून आपापलं ठरवून टाकलं होतं. इंग्रजी पक्ष्याला एक शेपूट चिकटवली की काम भागतं. मराठी पक्ष्याला आधी तो, ती की ते, हे ठरवावं लागतं, आणि मूल कुठलं अनेकवचन करतं त्यावरून त्याने मनात काय ठरवलं ते कळतं. हे मुलांना कितव्या वर्षी जमतं? घरी तेलुगू असलेल्याला कधी? अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाला कधी? भाची भराभर लिहून घेत होती.

"याला आमच्यात स्कोप क्रीप म्हणतात," भाऊजी पुटपुटले. पण कागदाकडे बघत तेही 'वगी, वगा, वगं' असं हलक्या आवाजात म्हणून बघत होते.

तिने प्रबंध घेतला. हप्ता भाऊजीच भरतायत. मार्गदर्शक बाई अजून तरी रजेवर गेलेल्या नाहीत. मी दर आठवड्याला विचारतो.

विद्यापीठाच्या नैतिक समितीला पालकांच्या संमतीचा मराठी नमुना हवा होता, तो करायचं काम माझ्याकडे आलं, कारण कारखान्यात सूचनाफलक मी लिहितो. 'आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, या प्रक्रियेतून बाहेर पडू शकता. त्याबद्दल आपणांस कोणताही दंड होणार नाही.' आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "हे आमच्या लग्नाच्या वेळी कोणी वाचून दाखवलं नाही."

परवानगी यायच्या आधी एकाही मुलाला विचारायचं नाही, अशी भाचीची सक्त ताकीद होती. पण चित्राचा कागद मी वाळूशेजारच्या बाकावर विसरलो आणि सातव्या मजल्यावरच्या त्या मुलाने तो उचलला. मावशी त्याला म्हणाल्या, बघ रे, वग आहे म्हणे, दादांच्या भाचीचा. त्याने बराच वेळ बघितलं. मग शेजारी काडीने वाळूत दुसरा काढला, तिसरा काढला आणि स्वतःशीच म्हणाला, "वगलू." तेलुगूत अनेकवचनाला 'लू' लागतो, हे मला त्याच्या आजीने सांगितलं. खुणांनी नाही, चांगलं तोंडाने. आणि लिफ्ट येईपर्यंत ती आणखी बरंच काही सांगत होती, ते मला कळलं नाही. भाचीला फोन केला तर आधी ती ओरडली, मग म्हणाली, हे प्रबंधात अजिबात धरता येणार नाही, आणि मग त्याने 'लू' नेमका कसा म्हटला ते तीनदा विचारलं.

बातमी सोसायटीच्या ग्रुपवर पोचायची ती पोचलीच. सेक्रेटरींनी टँकरचा विषय बाजूला ठेवून पोल टाकला आहे: वग हा तो, ती की ते? मुलं काय म्हणतात याला महत्त्व आहे, मोठ्यांच्या मताला नाही, असं भाचीने कळवलं, पण ते कोणी मनावर घेतलेलं नाही. सध्या 'ते' आघाडीवर आहे. ए विंगमधल्या एकाने याचा पार्किंगच्या वाटपावर काही परिणाम होणार आहे का, असं विचारलंय. मेंटेनन्स थकलेल्यांची मतं धरली जाणार नाहीत असा खुलासा आला आहे, त्यामुळे 'ती'ची बाजू एकदम लंगडी पडली. तात्यांचे फ्लॅट दोन, म्हणून त्यांनी मतं दोन मागितली आहेत. दोन्ही 'तो'ला.